ओल्या पऱ्हाट्या

अगं, जरा जवळ सरक. दोन दिवाळ्या तोंड दाखवलं न्हाईस, आता ऐक तरी. जालन्याच्या कॉलेजातले एक सर चुलीच्या जळणावर संशोधन करून राह्यलेत. दर सोमवारी येतात, चपला उंबऱ्याशी सरळ लावतात, धूर मोजायचं यंत्र मांडतात अन् बोलण्याआधी "बराबर" म्हणतात. त्यांनी माझी चूल सुधारून दिली.

"बराबर. आज धूर कमी भरला की माझं काम संपलं, आजी."

घरात मी एकटी. मंग मुद्दाम कपाशीच्या ओल्या पऱ्हाट्या चुलीत सारल्या. सरांनी एक उचलली, मोडून पाहिली, गुपचूप परत ठेवली.

"बराबर," डोळे पुसत म्हणाले, "पुढच्या सोमवारी परत मोजावं लागेल."

तू बी परत ये गं लवकर. तुझ्यासाठी वाळलेल्या ठेवल्यात.