तांबेकाकांचे मोफत नियम

तांबेकाका फासा हातात घेण्याआधी हजेरी घ्यायचे. टेबलाभोवती आम्ही चारच माणसं, तीही गुडघ्याला गुडघा लावून बसलेली. तरी ते चष्म्यावरून एकेकाकडे बघत नावं घ्यायचे, शेवटी स्वतःचंही, आणि स्वतःच "हजर" म्हणायचे. "गणपूर्ती झाली. करा सुरू," असं त्यांनी म्हटलं की मगच आमच्या राक्षसाला गुहेबाहेर यायची परवानगी मिळे.

पूनम सागर वसाहतीतल्या आमच्या सोसायटीचे ते अठरा वर्षं सचिव होते. मूळचे रत्नागिरीकडचे, सरकारी कचेरीतून निवृत्त, पत्नी जाऊन बरीच वर्षं झालेली. मी आणि माझा नवरा नीलेश परळहून इथे राहायला आलो त्याच महिन्यात सोसायटीची निवडणूक झाली आणि सगळा कारभार मोबाइलवर चालवणाऱ्या तरुण मंडळींनी काकांना पाडलं. त्यानंतरही ते बोर्डासमोर उभे राहून नव्या नोटिशींतल्या चुका पेन्सिलीने सुधारत. आम्हाला इथे कोणी ओळखत नव्हतं, आणि काकांना ओळखणारे त्यांना टाळत होते.

मला तेव्हा एका खेळाचं वेड लागलं होतं. एक जण प्रसंग सांगतो, बाकीचे आपापलं पात्र काय करतं ते सांगतात, आणि जमलं की फसलं ते फासा ठरवतो. ऑफिसातल्या जाणकारांनी बजावलं होतं की जाडजूड पुस्तक विकत घेतल्याशिवाय हा खेळ यायचा नाही. इंटरनेटवर फुकट मिळतात ते नियम म्हणजे दुकानदाराने चाखायला दिलेलं फरसाण. मी तरी ती तीस पानं छापून घेतली, शेजारच्या हेतलला पकडलं, आणि चौथं कोणी मिळेना म्हणून जिन्यात काकांना विचारलं.

"नियम लेखी आहेत?"

"आहेत."

"मग येतो. एक प्रत पाठवा."

रविवारी चारला ते आले तेव्हा तीसही पानांवर लाल पेनाच्या खुणा होत्या आणि काखेत एक नवं कोरं रजिस्टर. पात्र त्यांनी चोराचं घेतलं, नाव बाब्या. "अठरा वर्षं चोरांपासून सावध राहा म्हणून नोटिसा लावल्या," ते म्हणाले. "जरा त्यांचीही बाजू बघू."

पहिल्याच दिवशी घोडं अडलं, तेही खरोखरचं. हेतलच्या योद्ध्याला घोड्यावरून नदी ओलांडायची होती आणि तीस पानांत घोड्याबद्दल अवाक्षर नव्हतं.

"काका, छोडो ना. घोडा पोहतो, बस!" हेतल म्हणाली.

"पोहतो असं तुम्ही म्हणता. म्हणजे तुम्ही सूचक. अनुमोदक कोण?"

"वो क्या होता है?"

"पाठिंबा देणारा. अनुमोदक नसेल तर ठराव पडला. मग तुमचा घोडा बुडाला."

नीलेशने घाईघाईने सही केली. ठराव क्रमांक एक: घोडा पोहू शकतो, मात्र स्वार चिलखतात असल्यास फासा टाकावा.

मग ठरावांचा सपाटाच लागला. मेलेल्या राक्षसाच्या सामानावर पहिला हक्क कोणाचा, झोपलेल्या पहारेकऱ्याला उठवून मारावं की तसंच, सगळ्याची लेखी सोय झाली. गणपूर्ती चारची, हाही ठरावच. चौघांपैकी एक जरी नसेल तर सभा तहकूब करायची आणि अर्ध्या तासाने तिथेच पुन्हा भरवायची. तेव्हा गणपूर्तीची अट नाही. एकदा हेतल सुरतेला गेली होती आणि आम्ही तिघं घड्याळाकडे बघत बसलो.

"काका, ती येणार नाहीये. सांगून गेलीय," मी वैतागून म्हटलं.

"ठाऊक आहे. पण वाट बघितली हे नोंदीत यायला हवं."

फुकटचे नियम पात्राला तिसऱ्या पायरीपर्यंतच नेत होते. बाब्या तिथे पोचला आणि पुढे वाटच संपली. मग मी ते पाचशे पानी पुस्तक मागवलं आणि रविवारी ऐटीत टेबलावर ठेवलं. काकांनी ते अदबीने चाळलं. घोड्याचा त्यात स्वतंत्र तक्ता होता आणि तो आमच्या ठरावाशी अजिबात जुळत नव्हता.

"चला, सुटलो! आता ते सगळे ठराव रद्द," मी म्हटलं.

काकांनी रजिस्टर मिटलं. "मग सचिवाचं काम उरलं नाही," एवढंच म्हणाले. चहा संपवला, कप आत नेऊन ठेवला आणि गेले. रजिस्टर टेबलावरच राहिलं. पुढचे दोन रविवार ते आले नाहीत.

"कमिटीने काढलं ते काढलं, आता तू पण काढलंस?" हेतल माझ्यावर उखडली. "तेरेको किताबसोबत खेळायचंय की आमच्यासोबत?"

मला फार लाज वाटली. त्या संध्याकाळी पुस्तक पहिल्यांदा नीट उघडलं, तर सुरुवातीलाच लिहिलेलं: जिथे नियम सापडणार नाही, तिथे खेळणाऱ्यांनी मिळून ठरवावं. म्हणजे काका जे फुकट करत होते, तेच मी विकत आणलं होतं.

रजिस्टर घेऊन मी त्यांच्या दारात उभी राहिले. "काका, ठराव मांडायचाय. मोठं पुस्तक फक्त डुगडुगत्या टेबलाच्या पायाखाली ठेवायला वापरावं."

"भाषा असभ्य आहे," काका म्हणाले. "'संदर्भापुरतं' असं लिहा." मी लिहिलं. त्यांनी अनुमोदक म्हणून सही केली, रजिस्टर ठेवून घेतलं आणि रविवारी पावणेचारलाच हजर झाले.

दिवाळीनंतर एका दुपारी खुर्चीत पेपर वाचता वाचता काका गेले. तेराव्यानंतर त्यांची मुलगी आमच्याकडे रजिस्टर देऊन गेली. वेष्टणावर माझं नाव आणि फ्लॅट क्रमांक होता. शेवटच्या पानावर एक ठराव होता, आमच्यापुढे कधी न आलेला:

"ठराव क्रमांक त्रेसष्ट. एखादा सभासद कायमचा अनुपस्थित झाल्यास त्याचं पात्र मारू नये. ते कामानिमित्त बाहेर गेलं आहे असं समजावं व खेळ चालू ठेवावा." सूचकापुढे त्यांची सही. अनुमोदकापुढची जागा कोरी.

सही करायला हेतलने मागितलेलं पेन मी तिला दिलं नाही. सही मी केली आणि मग रडले.

मोठ्या पुस्तकात मरणावर एक अख्खं प्रकरण आहे. आम्ही ते वाचलेलं नाही. बाब्या बाहेर गेलाय. आम्ही तिघं अजून दर रविवारी चारला बसतो, हजेरी होते, गणपूर्ती होत नाही. मग सभा तहकूब करतो, चहा घेतो आणि अर्धा तास वाट बघतो. नोंदीत तसं लिहितो.