आषाढातलं घर

पाऊस धो धो लागला आणि माणसं दारं लावून बसली, की आमची आक्का पदर खोचून तयार व्हायची. "चल रे दिन्या, घरं बघूया." माझी मोटारसायकल चिखलात, आक्का मागे, हातात छत्री, पण ती उघडायची नाही. वाऱ्यात छत्री सांभाळायची की भावाला धरायचं, असं तिचं म्हणणं. महाडात मी शाळेत कारकून. बायको म्हणायची, "वन्सं, उघडीप होऊ दे, मग जा." आक्का म्हणायची, "उन्हात काय गो, खुराडापण बंगला दिसतो."

हे तिला फार महाग पडून कळलं होतं. उमरठकडे डोंगराच्या पायाशी तिचं घर होतं. ते बांधायला दिलं मे महिन्यात. मुंबईचे दीर सुट्टीवर आलेले, सगळे एकत्र, तेव्हाच ठरवून टाकू म्हणाले. आमच्याकडे असंच चालतं. ठेकेदाराने बांधलेली दोन घरं त्यांनी कोरड्या उन्हात बघितली, रंग आवडला, काम ठरल्याचा नारळ हातात दिला. त्याने मागचा डोंगर तासून जागा काढली, भिंत उभी केली, पाण्याला वाट ठेवली नाही. काही वर्षं निभावलं. मग एका आषाढात आक्का गोठ्यात असताना डोंगराची माती मागच्या भिंतीसकट घरात आली. दाजी आत झोपले होते.

आक्का रडल्याचं मला आठवत नाही. माझ्याकडे आली, पोळ्या लाटू लागली, भांडी घासू लागली. फक्त पाऊस लागला की तिला झोप यायची नाही. भिंतीपासून लांब, खोलीच्या मधोमध बसून राहायची. "पड जरा," म्हटलं तर म्हणायची, "पडते रे. तू नीज." मलाही काही वाटेनासं झालं होतं. दाजी माझे मित्रच, पण त्यांचा विषय निघाला की मी वीजबिलाबद्दल बोलायचो.

एक दिवस ती म्हणाली, "मला माझा घर पायजे. पावसात झोप लागंल असा." पोलादपूरच्या अलीकडे, डोंगरापासून दूर, सपाटीवर जागा घेतली. आता बांधणारा हवा होता, आणि तो पावसातच निवडायचा होता.

तिची पद्धत ठरलेली. ठेकेदाराने बांधलेल्या घरी जायचं, ओल्या पायांनी थेट स्वयंपाकघर गाठायचं, मागच्या भिंतीवर तळवा ठेवायचा आणि घरच्या बाईला विचारायचं, "बाय, बादली कुठं ठेवतेस?" काही बायका रागवायच्या. एकीने मुकाट्याने देव्हाऱ्याकडे बोट दाखवलं. गळणाऱ्या पाण्याखाली बादली आणि बादलीशेजारी देव. आक्काने हात जोडले आणि आम्ही निघालो.

भिंतीच्या परीक्षेत पास झालेल्या ठेकेदाराला ती एकच अट घालायची. "घर झाला की आषाढात आधी तू झोप तिथं, बायकापोरांना घेऊन. मग मी येते."

महाडातला एक, मोबाइलवर बंगल्यांचे फोटो दाखवणारा, मोठ्याने हसला. "आक्का, वॉटरप्रूफिंगची पावडर घालतो, गॅरंटी देतो ना!"

"गॅरंटी कोण देतंय, तू का ती पावडर?" आक्का उठली. बाहेर आल्यावर म्हणाली, "हसला तो. नको."

दुसऱ्याने ताबडतोब हो म्हटलं. तोही नको. "इचार न करता हो बोलला. माझा जुना ठेकेदारपण असाच हो बोलायचा."

तुडीलचा अनंत मात्र गप्प बसला. चहा गार झाला. मग म्हणाला, "आईला आणली तर चालंल? ती एकटी राहात नाय."

"आण," आक्का म्हणाली, आणि पिशवीतून नारळ काढला. तो ती प्रत्येक ठिकाणी घेऊन फिरत होती, हे मला तेव्हा कळलं.

दिवाळीनंतर काम लागलं. आक्का रोज एसटीने जायची, वाळूच्या ढिगावर बसून अनंतला सतवायची. स्लॅब ओतून झाला. प्लास्टर बाकी होतं. चैत्रात तिच्या छातीत कळ आली आणि दवाखान्यात पोचेपर्यंत ती गेली. मी सगळं नीट केलं. लोकांना फोन केले, दहावं-तेरावं केलं, कामावर गेलो. आत काहीच हललं नाही. अनंतला म्हटलं, उरलंय ते तुझ्या सवडीने कर.

आषाढात एका सकाळी त्याचा फोन आला. "दादा, काल आमी झोपलो तिथं. चावी घ्यायला या."

आक्काची ती अट मी विसरलो होतो. पाऊस कोसळत होता. गेलो तेव्हा अनंतची बायको चटया गुंडाळत होती, पोरं दारात पाण्यात पाय सोडून बसली होती. अनंतने चावी दिली. "भिंत बघा," एवढंच म्हणाला. मी स्वयंपाकघरात गेलो, मागच्या भिंतीवर तळवा ठेवला. कोरडी होती.

कोपऱ्यात त्याची म्हातारी आई अजून पडलेली होती. तिला आक्काचं कोणी सांगितलं नसावं. डोळे चोळत उठली आणि मला म्हणाली, "तू भाऊ ना तिचा? बहिणीला सांग रे बाबा, एवढा पाऊस, पन झोप लागली मना."

"सांगतो," मी म्हणालो. आणि आक्का गेली हे मला तिथे, त्या भिंतीला हात लावून उभा असताना, पहिल्यांदा कळलं.