दोनशे दहा पावलं

समताचा फोन आला तेव्हा मी वर्गात हजेरी घेत होतो. समता म्हणजे वंदनाताईंची मुलगी, नववीतली. ती कधी फोन करत नसे, म्हणून उचलला. "दादा, आई गेली," एवढंच बोलली आणि तिच्या मागून बायकांच्या रडण्याचा आवाज यायला लागला... मी उरलेली हजेरी पूर्ण केली. का केली, ते मला अजून कळलेलं नाही. मग व्हरांड्यात आलो, तर समोर भिंतीवर तो नकाशा. ताईंच्या आणि माझ्या नावाचा, काचेच्या फ्रेममधला, आणि चुकलेला. आज पाच आठवडे झाले. ताईंबद्दल लिहायचं तर त्या नकाशापासून सुटका नाही, आणि त्यात माझं काही चांगलं दिसणार नाही.

भंडाऱ्याच्या आमच्या कॉलेजात इतिहास, समाजशास्त्र आणि तंत्रज्ञानाचा अभ्यास अशी एकत्र पदवी सुरू झाली, तेव्हा पहिल्या तुकडीत आम्ही अकरा जण होतो. "हे शिकून मानूस होते तरी कोन?" असं वडिलांनी आमच्या गावी, सिहोऱ्याला विचारलं होतं. दहा जण अठरा-एकोणीसचे आणि एक वंदनाताई, छत्तीसच्या. गोसीखुर्द धरणाच्या पाण्यात गाव गेलेलं, पुनर्वसनातल्या घरात ब्लाउज शिवून संसार चालवायच्या. पहिल्या दिवशी त्या दारात आल्या तर मॅडम आल्या समजून आम्ही सगळे उभे राहिलो. "बसा बाबू, मी तुमच्यातलीच आहो," म्हणाल्या आणि तोंडाला पदर लावून हसल्या. तुम्ही हे का शिकता, असं सरांनी विचारलं तेव्हा मात्र हसल्या नाहीत. "सर, धरन कोनी बांधलं ते सरकारच्या कागदात आहे. गाव कोनी बांधलं ते कुठंच नाही. मले ते लिहाचं आहे."

शेवटच्या वर्षी प्रकल्प होता. आपल्या भागातली माणसं आणि त्यांची साधनं, असा विषय. ताईंनी बुडालेल्या गावातली विहीर घेतली आणि जोडीला मला घेतलं, कारण मला कॉम्प्युटरवर नकाशे करता येत होते. वर्षभर त्या म्हाताऱ्या बायकांच्या ओसरीत जाऊन बसल्या. कोणाचं घर कुठे, चिंचेचं झाड कुठे, नाला कुठून वळायचा. त्यांच्या वहीत मीटर नव्हते, फूट नव्हते. सगळं गाव विहिरीपासून पावलांनी मोजलेलं. विहीर ते चिंच, नव्वद पावलं. विहीर ते आपलं घर, दोनशे दहा. आठव्या वर्षापासून पाणी भरलेली बाई ती, तिला आकडा आठवावा लागत नव्हता. मी एका पावलाचे अडीच फूट धरले आणि गुणाकार केला. जुन्या सरकारी नकाशावर नाला होताच, त्यावर घरं बसवत गेलो. ताईंचा अख्खा बौद्ध मोहल्ला नाल्यापलीकडे जाऊन पडला. मला जराही खटकलं नाही. हा मोहल्ला गावाबाहेरच असतो, असं पुस्तकांत वाचलं होतं आणि माझ्या आजोळी पाहिलंही होतं. ताई तेव्हा पहिल्या ऑपरेशनसाठी नागपूरला होत्या. मुदत संपत आली होती. त्यांना न दाखवताच मी नकाशा देऊन टाकला. सरांना तो इतका आवडला की त्यांनी तो फ्रेम करून लावला, आणि एक प्रत ताईंच्या पुनर्वसनातल्या समाजमंदिरात पाठवली.

ताई नागपूरहून परत आल्या आणि त्या नकाशासमोर बराच वेळ उभ्या राहिल्या. मी शाबासकीची वाट पाहत होतो, गाढवासारखा.

"बाबू, आमच्या मोहल्ल्याले पलीकडे कायले नेलं?"

"ताई, तुमच्याच पावलांचा हिशेब आहे."

दुसऱ्या दिवशी ताई बसमधून पितळी गुंड घेऊन आल्या. गुंड म्हणजे पाणी भरायचा आमच्याकडचा मोठा हंडा. कॉलेजच्या नळावर तो भरला, पोटावर टाके असताना डोक्यावर घेतला, आणि मला टेप घेऊन मागून यायला सांगितलं. मी नको नको म्हणत होतो. वीस पावलं चालल्या. मोजली तर एक पाऊल दीड फुटाचं भरलं. "तू मोकळ्या हातानं चालला नं बाबू," गुंड उतरवून धापा टाकत त्या म्हणाल्या. "विहिरीवरून घरी कोनी रिकामं येते काय?" वहीत त्यांनी 'भरलेला गुंड' असं लिहिलं नव्हतं, कारण ते लिहायची गोष्ट आहे असं त्यांना वाटलंच नाही. आणि विचारायची गोष्ट आहे असं मला वाटलं नाही. दीड फुटानं गुणलं तर मोहल्ला नाल्याच्या अलीकडे, विहिरीजवळ येत होता. ती जागा त्यांच्या आज्यानं आणि त्याच्या सोबत्यांनी गावाशी भांडून, मार खाऊन मिळवली होती. मी ती एका गुणाकारात परत काढून घेतली.

बदलतो, असं मी तिथंच कबूल केलं. सर म्हणाले, गुण विद्यापीठाकडे गेलेत, निकाल लागू दे. निकाल लागला. मग माझं एम.ए., मग इथेच तासिकेवरची नोकरी. ताई फोन करायच्या, मी "करतो न ताई" म्हणायचो. दोन दिवसांचं काम पाच वर्षं पडून राहिलं. आळस म्हणा, पण खरं सांगायचं तर आपली चूक चारचौघांत भिंतीवरून उतरवायची मला लाज वाटत होती. दुखणं उलटलं, तेव्हा मी भेटायला गेलो. खाटेवर ताई कुठे आणि चादर कुठे, कळत नव्हतं.

"बदलला काय रे नकाशा?"

"हो ताई. बदलला."

"फोटो दाखव."

मोबाईलची बॅटरी संपली आहे, असं मी सांगितलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग भिंतीकडे तोंड केलं. "बरं झालं," म्हणाल्या. त्यांना कळलं होतं. ते शेवटचं बोलणं.

पुण्यानुमोदनाच्या दिवशी समाजमंदिरात लोक ताईंबद्दल चांगलं बोलत होते. ताईंच्या फोटोशेजारीच तो नकाशा लावला होता. शेजारच्या लहान मुलीला समता बोट ठेवून सांगत होती, "हे पाय, आपन इथं राहात होतो. नाल्याच्या पलीकडे. गावाच्या बाहेर." गाव बुडालं तेव्हा समता पाळण्यात होती. आईनं तोंडी कितीदा सांगितलं असेल, पण फ्रेममधलं खरं, असंच तिला वाटत होतं. वर्गात आम्ही तेच तर शिकवतो... मला तिथे उभं राहवेना. मी सगळ्यांसमोर खुर्चीवर चढलो, नकाशा उतरवला, आणि हा चुकलेला आहे, मी चुकवलेला आहे, आणि ताईंशी मी शेवटी खोटं बोललो, हे सांगितलं. कोणी रागावलं नाही. रागावले असते तर बरं झालं असतं.

गेल्या रविवारी पुन्हा गेलो. ताईंच्या स्वयंपाकघरात गुंड पालथा ठेवलेला होता. आता घरात नळ आहे, त्याला कोणी हात लावत नाही. आईच्या भरल्या गुंडाची आणि दीड फुटाच्या पावलाची गोष्ट माझ्याकडून ऐकून समतानं तो उचलला, चिंच लावून घासला आणि अंगणातल्या नळाखाली धरला. डोक्यावर चढवताना पाणी तिच्या खांद्यावर सांडलं. ती रस्त्यावर आली आणि हळूहळू चालू लागली. मी टेप घेऊन तिच्या मागे होतो.

"दादा, मोजून राहिले नं?" मान न वळवता तिनं विचारलं.

"हो," मी म्हणालो. मी खरंच मोजत होतो.