शहादेवाचा कान

माजलगावात काच बसवायची असली की लोक शहादेवाला बोलावतात, आणि काचेबरोबर त्याची बढाईही बसवून घेतात. "काच फुटायच्या आधी बोलती. मला आयकू येतं," हे तो तीस वर्षं सांगत आला. काच कापायच्या हिरकणीनं रेघ मारली की तो काचेला कान लावायचा, मान डोलवायचा आणि मगच ती रेघेवर मोडायचा. गिऱ्हाइकं घरी जाऊन हे चारचौघांत सांगायची.

याच कानानं त्याच्या घरात अबोला आणला. अठरा वर्षांपूर्वी तो आणि धाकटा भाऊ अजिनाथ एका कापडदुकानाची मोठी काच उचलून नेत होते. ती वाटेतच फुटली. शहादेवाला साधं खरचटलं नाही. अजिनाथच्या उजव्या हाताच्या शिरा तुटल्या आणि तीन बोटं कायमची ताठ झाली. दवाखान्यातून आल्यावर अजिनाथनं एवढंच विचारलं, "तुला आयकू येतं ना? मग आवाज कावून न्हाई दिला?"

तेव्हापासून दोघं एकाच घरात राहतात, शेजारी बसून जेवतात, पण बोलायचं ते शहादेवाच्या बायकोमार्फत. "वहिनी, त्यांना सांगा, मीठ इकडं सरकवा." मीठ दोघांच्या मधे असायचं. मंगल बिचारी निरोप पोचवायची आणि मीठही सरकवायची.

यंदा इंजिनिअरिंग कॉलेजातल्या मनिषा मॅडमनी शहादेवाकडून चाळीस काचा कापून घेतल्या, त्या फोडण्यासाठी. सेकंदाला लाखभर फोटो काढणारा कॅमेरा त्यांनी महिनाभरासाठी मागून आणला होता. काच नेमकी कशी तडकते, ते त्यांना बघायचं होतं. शहादेवानं काचा उतरवल्या आणि सवयीनं बोलून गेला, की कॅमेऱ्याचा कुटाणा कशाला, आपल्याला आधीच कळतं. मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी त्याच्या हातात एक बटण दिलं आणि ऐकू आलं की दाबायला सांगितलं.

बारा काचा फुटल्या. बाराही वेळा बटण दबलं ते तुकडे निम्मे खाली आल्यावर. मग मॅडमनी एका काचेचं चित्रीकरण हळू करून दाखवलं. कडेला बारीक तडा उमटला, त्याला फाटे फुटले आणि बघता बघता सगळी काच त्यानं व्यापली.

"काका, हे सगळं सेकंदाच्या हजाराव्या भागात झालंय," मॅडम म्हणाल्या. "पापणी लवायलासुद्धा याच्या शंभरपट वेळ लागतो. आधी आवाज देणं कुणालाच शक्य नाही."

शहादेव खुर्चीत बसला आणि ढसाढसा रडला. मॅडमना वाटलं, मान गेला म्हणून रडतोय. त्याला मात्र आनंद झाला होता. अठरा वर्षं उरावर असलेला धोंडा उतरला होता. हातच्या काकणाला आरसा कशाला! त्यानं ते चित्रीकरण मोबाइलवर मागून घेतलं आणि तडक घर गाठलं.

अजिनाथ ओसरीत बसला होता. शहादेवानं मंगलला मधे न घालता मोबाइल त्याच्यापुढं धरला. "बग. कुणालाच आवाज देता आला नसता."

अजिनाथनं तीनदा पाहिलं. मग विचारलं, "म्हंजी तुला आयकू येतच नव्हतं?"

"न्हाई."

"कवाच न्हाई?"

"कवाच न्हाई. लोकाला बरं वाटायचं, मी बोलायचो."

अठरा वर्षांत दोघांचं एवढं बोलणं झालं नव्हतं. दारात उभ्या मंगलच्या डोळ्यांना धार लागली.

अजिनाथनं मोबाइल परत दिला. "दादा, त्या दिशी चामड्याचे हातमोजे माझ्या खिशात व्हते," तो म्हणाला. "म्हणलं, कशाला घालायचे? दादाला आयकू येतंय."