लाल मोटारीचा कौल

हे मी आजवर कुणाजवळ बोललेले नाही. सख्ख्या बहिणीजवळ नाही, शेजारणीजवळ नाही. ज्यांना सांगायला हवं होतं त्यांना तर नाहीच. तोंडानं सांगणं मला जमायचं नाही. चार माणसांत जेवायला बसले तर मला साधं मीठ मागवत नाही. म्हणून लिहिते. शाळा चौथीपर्यंतच झाली, पण मास्तर माझं अक्षर चांगलं म्हणायचे. तुम्ही कोण, हे मला ठाऊक नाही — ते बरंच आहे. ओळखीच्या माणसापुढे माझा हात थांबला असता.

आमचे हे इंजिनांचे मिस्त्री होते. काष्टीला रस्त्याच्या कडेला पत्र्याची शेड होती, तिथे विहिरींवरची इंजिनं दुरुस्तीला यायची. त्याआधी काही वर्षं हे नगरला, भिंगारच्या कॅम्पाजवळ एका गॅरेजात कामाला होते. लष्करातल्या साहेबांच्या मोटारी तिथे यायच्या. त्यातली एक यांच्या मनात बसली होती. लाल, बुटकी, दोनच माणसं बसतील एवढी. वर टप नाही, नुसतं कापडाचं छत, तेही फाटलेलं. चाकांना सायकलीसारख्या तारा. शर्यतीची गाडी आहे म्हणायचे. तिचं काही बिघडलं की तिचे साहेब दुसऱ्या कुणाला हात लावू द्यायचे नाहीत, हे काष्टीला आले तरी यांनाच बोलावणं यायचं.

बहात्तरचा दुष्काळ पडला, त्याच्या आदल्या वर्षीची गोष्ट. साहेबांची लांब कुठेतरी बदली झाली. गाडी सोबत नेता येत नव्हती. सुटे भाग मिळत नाहीत, दोनच जागा, पावसात आत पाणी — अशी जुनी गाडी घेणार कोण? साहेबांनी यांना कार्ड टाकलं, तूच घे, तुला जमेल तेवढ्यात देतो. यांनी दुसऱ्या शेडसाठी पोस्टात साठवलेले दोन हजार होते. तेवढ्यात ती बसत होती.

सासूबाईंना सांगितलं तेव्हा त्या ज्वारी पाखडत होत्या. सूप थांबलं.

"दोघांचीच? अन् मी कुठं बसू रे, टपावर?"

"टपच न्हाई तिला, आई."

"मग बरंच हाय की. उन्हात वाळवण घालू तिच्यात. पापड नेऊ नगरला."

हे हसले. मी चुलीपाशी होते, मीही पदराआड हसले. तोवर माझ्या मनात काही नव्हतं. हे मुद्दाम लिहिते, कारण पुढे मी स्वतःला फार वेगवेगळ्या गोष्टी सांगितल्या.

गाडी बघायला जाताना यांनी मला बरोबर नेलं. असं कधी नेत नसत. त्या वर्षी मी घराबाहेर फारशी पडत नव्हते. दोन वेळा दिवस जाऊन मूल हाती लागलं नव्हतं. दुसऱ्या वेळी तर मीही जाते की राहते असं झालं होतं. दवाखान्यातून घरी आल्यावर यांनी एवढंच विचारलं होतं, "आलीस?" मी म्हटलं, "आले." बोलणं संपलं. यांचा स्वभावच तसा, दिवसाला दहा शब्द पुरायचे. मला वाटायचं, पुरुषांना असंच असतं. खरं सांगू? मला तसं वाटायचं नाही. मी तसं वाटवून घ्यायची.

साहेबांच्या बंगल्यामागं ती गाडी उभी होती. यांनी आधी तिच्याभोवती दोन फेऱ्या मारल्या. मग पाठीवर झोपून खाली शिरले. दाराच्या आतलं लाकूड पेचकसानं टोचून पाहिलं, वाळवी लागली आहे का ते. इंजिन सुरू करून धुराचा रंग पाहिला. तेलाचा थेंब बोटांवर चोळून पाहिला. मी भिंतीशी उभी राहून बघत होते. आणि हे बोलत होते! साहेबांशी, त्यांच्या ड्रायव्हरशी, सारखे बोलत होते. हिचं हे असं आहे, हिला थंडीत जरा वेळ लागतो, हिला घाई केलेली खपत नाही. अकरा वर्षांत मी यांच्या तोंडून एवढं ऐकलं नव्हतं.

मग यांनी पेचकसाचं टोक इंजिनाला टेकवलं आणि मूठ कानाला लावली. मिस्त्री तसंच ऐकतात, आत कुठे वाजतंय ते कळतं. डोळे मिटले. आणि हळूच म्हणाले,

"काय दुखतंय गं तुला?"

बस, एवढंच. साहेब हसले, ड्रायव्हर हसला. मी भिंतीकडे तोंड केलं.

साहेब म्हणाले, बाईंना एक चक्कर मारून आण. मी नको नको म्हणत बसले. किल्ल्याच्या रस्त्यानं गेलो. वारा एवढा की डोक्यावरचा पदर खांद्यावर आला. मी दोन्ही हातांनी तो धरून बसले होते. रस्त्यावरच्या बाया थांबून बघत होत्या. हे समोर बघून हसत होते — तोंडभर, लहान मुलासारखे. माझ्याकडे वळून पाहिलं असेल का? मी तेव्हा मान खाली घातली होती. म्हणजे पाहिलं नाही, असं मी नक्की म्हणू शकत नाही. पण त्या दिवशी मी नक्की धरून टाकलं की पाहिलं नाही.

आता कौलाचं सांगते.

माझं माहेर गुरवाचं. गावातल्या भैरोबाची पूजा आमच्या घरी. बैल घ्यायचा, विहीर पाडायची, पोरगी द्यायची — गाव भैरोबाला विचारल्याशिवाय करत नसे. देवाच्या उजव्या आणि डाव्या अंगाला एकेक फुलाची कळी पाण्यानं चिकटवायची, आणि वडील देवाला गाऱ्हाणं घालायचे. उजवी आधी पडली तर देवाचा होकार, डावी पडली तर नकार. यांचा या देवावर फार विश्वास. पैसे मोडण्याआधी कौल घ्यायचा, असं यांनीच ठरवलं, आणि आम्ही दोघं माझ्या माहेरी गेलो.

वडिलांचे हात तेव्हा कापायला लागले होते. कळ्या त्यांना नीट बसवता येत नसत. मी लहानपणापासून ते काम करत आलेली, म्हणून मी माहेरी असले की कळ्या मीच लावायची. त्या दिवशीही सकाळी मीच लावल्या.

किती वेळ झाला मी इथे थांबले आहे. पेन खाली ठेवलं, परत उचललं.

मी पुढे स्वतःला सांगत आले की दुसरी शेड होणं जास्त गरजेचं होतं. खोटं नव्हतं ते. लोक हसले असते, हेही खोटं नव्हतं. सासूबाईंना घरी ठेवून दोघांनी फिरणं बरं दिसलं नसतं, तेही खरंच. पण त्यातलं काहीही त्या सकाळी माझ्या मनात नव्हतं. मनात एकच होतं. काय दुखतंय ते तिला विचारलं, मला नाही.

नैवेद्याचा गूळ ताटात होता. त्याचा खडा मी ओल्या बोटांत चुरला. उजवी कळी त्या चिकट बोटांनी दाबून बसवली. डावी नुसत्या पाण्यानं लावली, तीही ओझरती. हे सगळं करायला किती वेळ लागतो? तुम्ही एक ओळ वाचाल तेवढा. वडिलांची पाठ होती. हे हात जोडून उंबऱ्याबाहेर उभे होते.

वडिलांनी गाऱ्हाणं घातलं. देवा, जावयाच्या मनात अमुक आहे, घ्यावं का न घ्यावं ते सांग. डावी कळी शब्द पुरे व्हायच्या आतच पडली. उजवी तिथेच. वडिलांनी यांच्याकडे पाहून मान हलवली. यांनी देवापुढे डोकं टेकवलं आणि बराच वेळ उचललं नाही.

थोड्या वेळानं मी गाभारा पुसायला गेले, तर वडील आधीच तिथे होते. देवाच्या उजव्या अंगाला मुंग्यांची रांग लागली होती. वडिलांनी मुंग्यांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "फडकं दे," म्हणाले. त्यांनी स्वतःच पुसलं. पुढे ते नऊ वर्षं जगले. मला कधी काही विचारलं नाही. पण त्या दिवसानंतर कौलाच्या कळ्या त्यांनी मला लावू दिल्या नाहीत. कापत्या हातानं स्वतःच लावत.

एसटीची वाट बघत आम्ही फाट्यावर बसलो होतो. ऊन होतं. हे आपणहून बोलले.

"चूक माझीच हाय."

मी वळून पाहिलं.

"तू दवाखान्यात हुतीस ना, तवा मी भैरोबाला बोललो हुतो. हिला तेवढी ठेव, म्हणलं. पुन्यांदा माझ्यासाठी कायबी मागायचो न्हाई. अन् आज हौसंची गाडी मागाया आलो. देव कसा इसरंल?"

एवढं बोलून यांनी टोपी काढून झटकली, परत घातली. जणू सगळं मिटलं.

माझ्या डोळ्यांना पाणी आलं. यांना वाटलं, गाडी गेली म्हणून रडते. म्हणाले, "असू दे गं. लोखंडच हाय ते."

तुम्ही म्हणाल, तेव्हाच का नाही बोललीस? साहेब जायला अजून चार दिवस होते. "अहो, उजवीला मी गूळ लावला होता" — सहाच शब्द. मी ते मनात पाठ केले. एसटीत बसल्यावर बोलू, घरी गेल्यावर बोलू, उद्या बोलू. बोलले असते तर गाडी मिळाली असती. पण मग माझ्यासाठी देवाजवळ असं बोललेल्या माणसापुढे मी कोण म्हणून उभी राहिले असते? मला तेव्हा गाडीपेक्षा आणि यांच्यापेक्षा माझंच तोंड जास्त मोलाचं वाटलं.

दुसऱ्या दिवशी यांनी कार्ड आणलं. साहेबांना कळवायचं होतं. यांचं अक्षर गिचमिड, म्हणून मला लिहायला बसवलं. हे सांगत गेले, मी लिहीत गेले. देवाचा कौल मिळाला नाही, सबब गाडी घेता येत नाही, क्षमा असावी. माझ्या चांगल्या अक्षरात. यांनी ते दोनदा वाचून पाहिलं आणि म्हणाले, "बेस लिहिलंस." कार्ड पेटीत टाकायलाही मीच गेले. वाटेत फाडता आलं असतं. टाकलं.

गाडी कुणीतरी नेली. इंजिन काढून ते पाणी उपसायला बसवलं, असं पुढे दुष्काळात यांच्या कानावर आलं. घरी येऊन यांनी मला सांगितलं, चेहरा हलला नाही. जेवताना फक्त एवढं म्हणाले, "तसल्या कामाचं इंजिन नव्हतं ते."

दुसरी शेड झाली. दिवस बरे गेले. मूल झालं नाही. पण हे मला कधी घालूनपाडून बोलले नाहीत, आणि यांनी देवाजवळ काही मागितलं नाही. माणसांजवळही मागणं हळूहळू बंद झालं. ताटात भाकरी संपली तर बसून राहायचे, मी पाहीन तेव्हा वाढायची. गावात लोक म्हणायचे, मिस्त्री साधू माणूस. मी ऐकायची.

यांना जाऊन आता तीन वर्षं झाली. शेवटच्या दुखण्यात पाणीसुद्धा मागायचे नाहीत. ओठ सुकलेले दिसले की मी चमचा लावायची. एका दुपारी मी जवळ बसून विचारलं, "अहो, काही हवं असलं तर मागत का नाही?"

हे किंचित हसले आणि म्हणाले, "बोललोय ना मी त्याला."

मला ते सहा शब्द तेव्हाही पाठ होते. मी चमचाभर पाणी यांच्या तोंडात सोडलं आणि पदरानं हनुवटी पुसली.