सिंधुबाईंची उचकी

आमच्या कऱ्हाटीत उचकी लागली की आधी नावं घेतात, पाण्याचं मागाहून. ज्याच्या नावाला थांबेल, त्याने आठवण काढली. सिंधुबाई पेसमेकर बसवून बारामतीहून घरी आल्या आणि आठवड्याभरातच त्यांना उचकी लागली. मग काय, माझ्यासकट सगळी आळी खाटेभोवती नावं घेत बसली.

सून दिपालीने माहेरची, सासरची सगळी माणसं संपवली. शेवटी नणंद द्वारकाबाईंनी आपल्या मेलेल्या भावाचं, सिंधुबाईंच्या नवऱ्याचं नाव घेतलं, सिद्धूचं. सिंधुबाई संतापून ताडकन उठून बसल्या आणि उचकी थांबली. झालं! सिद्धू बोलावतोय, लेकींना बोलावून घ्या, असं द्वारकाबाईंनी डोळ्याला पदर लावून जाहीर केलं. मला तर त्या पदराचाच राग आला.

हा सिद्धू मेंढरं घेऊन सहा-सहा महिने कोकणात असायचा. इकडे सिंधुबाईंनी लोकांच्या उसात खुरपून लेकींना आणि लेकाला, नागेशला वाढवलं.

"जित्तं व्हतं तवा एक सांगावा न्हाय धाडला त्यांनी," सिंधुबाई म्हणाल्या. "आन आता बोलावत्यात व्हय? मी न्हाय जायाची."

पण आडवं झालं की उचकी परत येई आणि बरगडीखाली पोट उडायला लागे. उठून बसलं की थांबे. हे ध्यानात येताच त्यांनी नागेशला मोटारसायकल काढायला लावली.

दवाखान्यात उलगडा झाला. पेसमेकरच्या वायरीचं टोक हृदयाच्या भिंतीतून पार गेलं होतं आणि यंत्राचा झटका खालच्या श्वासपटलाला बसत होता. असं फार क्वचित होतं, डॉक्टर म्हणाले, पण वायर आजच काढून नवी बसवायला हवी. त्यात रक्तस्राव झाला तर जिवावर बेतेल, हेही त्यांनी लपवलं नाही.

नागेशचा धीर सुटला. आत्याचं बोलणं त्याच्या डोक्यातून जाईना. आईला घरीच न्यावं, जे व्हायचं ते आपल्या दारात होऊ दे, असं तो पुटपुटला.

"बाप बोलावतोय म्हणून तू मला पोचवाया निघालास व्हय?" सिंधुबाई म्हणाल्या. "सही कर."

त्याने सही केली. ऑपरेशन नीट पार पडलं.

दुसऱ्या दिवशी द्वारकाबाई रडवेलं तोंड करून भेटायला आल्या. सिंधुबाई उताण्या निजल्या होत्या, पोट शांत होतं. त्यांनी नणंदेला जवळ बसवून घेतलं.

"वन्सं, तुमच्या भावाला सांगा, हाका मारू नगा म्हणावं. यायचं तवा माजी मी यीन."