बिब्ब्याचा डाग

देवीवर माझा राग होता, हे आधीच सांगून टाकते. लोक आपला अनुभव भक्तीपासून सांगायला घेतात; माझ्याजवळ तेव्हा भक्ती उरलेली नव्हती. संधिवाताने माझी बोटं वाकडी करून टाकली होती. चिखलीत मास्तरांची बायको म्हणून मान होता, पण पोलक्याची बटणं लावायला रोज सुनेला हाक मारावी लागे. ती बिचारी लावून देई, तेही मान वळवून. सासूच्या उघड्या अंगाकडे पाहायचं नाही, अशी आमच्याकडची रीत.

त्याच सुमारास आंघोळ करताना डाव्या छातीत काहीतरी टणक लागू लागलं. दुखत नव्हतं. वातच साचला असेल म्हणून गुडघ्याला लावतो तसा तिथेही मी बिब्बा लावला. बिब्बा उतला, फोड आले, काळा डाग पडला, आणि पुढे जे जे झालं त्याचा दोष त्या डागावर नाहीतर वातावर गेला. कातडी आत ओढली गेली, ती बिब्ब्याने. काखेत गाठ आली, ती वाताने. गावातल्या डॉक्टरांनी लुगड्यावरूनच तपासलं. मास्तर शेजारी उभे, मी तरी काय दाखवणार? वाताच्या बाईला अशा गाठी येतातच, असं म्हणून त्यांनी वाताच्या त्याच गोळ्या पुन्हा दिल्या. बाईला एका दुखण्याचं नाव चिकटलं की तिचं दुसरं दुखणं कुणी ऐकूनच घेत नाही.

शेवटी बोटांसाठी कुलदेवीला नवस केला. तिचं ठाणं डोंगरात आहे. झऱ्यावर आंघोळ करून, नवं पोलकं घालून, आपल्या हाताने ओटी भरायची. सुनेला सोबत नेलं, तर एसटीतून उतरताच तिची अडचण झाली; विटाळात वर जाता येईना. ती पायथ्याशी झाडाखाली बसली आणि मी चरफडत एकटी वर गेले. एवढी सोबतही तुला बघवली नाही, असं देवीला मनातल्या मनात सुनावलं.

झऱ्याच्या आडोशाला ओल्या अंगाने उभी होते. पोलकं कसंबसं चढवलं, पण बटणं काही लागेनात. रडूच कोसळलं. शेजारी एक अनोळखी बाई केस पिळत होती. ती न विचारता पुढे आली, बटणाला हात घातला आणि थांबली. तिने मान वळवली नाही.

"हे कायचं वं माय?"

बिब्बा उतला होता, मी म्हणाले.

"बिब्ब्यानं असं आत नाही ओढल्या जात. माह्या बहिणीले असंच होतं. आम्ही लेपच लावत राह्यलो, अन् ते गेली. तू नागपूरले जाय. वटी मंग भरजो."

मग तिने एकेक बटण सावकाश लावून दिलं. तिचं नाव विचारायचंही मला सुचलं नाही. ओटी तशीच घेऊन मी खाली उतरले.

नागपूरला छाती काढून टाकली. तिथल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, संधिवात असला की काखेतल्या गाठी आम्हालाही फसवतात, पण तुम्ही आधी यायला हवं होतं. आधी कशी येणार होते? माझ्या अंगाला रोज हात लागत होता, पण पाहणारं घरात कुणी नव्हतं.

लोक म्हणतात, देवीच त्या बाईच्या रूपाने आली. मला ते पटत नाही. देवी असती तर तिची बहीण मेली नसती. पण तिला नेमकं तेव्हा झऱ्यावर कुणी आणलं आणि माझ्या सुनेला खाली कुणी बसवून ठेवलं, याचं उत्तर माझ्याजवळ नाही. दुसरीच्या मरणातून मला मिळालेला हा प्रसाद कडू आहे, अजून घशाखाली उतरत नाही. तरी देवीला हात जोडते. बोटं वाकडीच राहिली, आणि त्यांच्यासाठी मी पुन्हा काही मागितलं नाही. काय द्यायचं ते तिचं तिने ठरवावं.

नागपूरहून आल्यावर बटणं लावताना सुनेने सवयीने मान वळवली. मी मनगटाने तिची हनुवटी माझ्याकडे फिरवली आणि म्हटलं, पाहा. ती रडली, पण तिने पाहिलं. तेव्हापासून ती उरलेली बाजू रोज नीट पाहते आणि हळूच म्हणते, "काही नाही, आत्याबाई." मग माझा दिवस सुरू होतो.